थाई मावशी थाई बोलेना

स्क्रीनवरच्या दुभाषी बाईंनी हेडफोन कानावर दाबून धरला, आणखी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "सॉरी, पण ही थाई भाषा नाही."

हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही तिघी होतो. पलंगावर गुंगीत पुटपुटणारी मावशी, तिच्या उशाशी तिची मुलगी आणि खिडकीपाशी मी, हातात भाताच्या पेजेचा थर्मास धरून. नर्सनं चाकांच्या स्टँडवरचा स्क्रीन ढकलत आणून पलंगाजवळ उभा केला होता. मला वाटलं, आवाज नीट पोचत नसेल. मुलीला मात्र रागच आला. "माझी आई थायलंडची आहे. ती थाई नाही तर काय बोलणार?" बाईंनी तितक्याच नम्रपणे पुन्हा सांगितलं की मी स्वतः बँकॉकची आहे आणि तुमच्या आई जे बोलताहेत त्यातला एक शब्दही मला कळत नाही. त्यांनी हात जोडले आणि स्क्रीन काळा झाला.

माझा कानांवर विश्वास बसेना. जिला मी इतकी वर्षं थाई म्हणून ओळखत होते, जिच्याकडून चार थाई शब्द शिकले होते, ती थाई बोलत नाही म्हणजे काय?

ही माझी सख्खी मावशी नव्हे, हे सांगायला नको. मी नागपूरची. मिनेसोटात ईडन प्रेरीला राहायला आलो तेव्हा आसपास आमचा असा विहार नव्हता, म्हणून आम्ही दर रविवारी एका थाई विहारात जायला लागलो. शेताच्या कडेचं एक जुनं घर, त्यावर मागाहून बसवलेलं सोनेरी टोकांचं छप्पर आणि दाराशी एप्रिलपर्यंत टेकवून ठेवलेलं बर्फाचं फावडं. तिथल्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार या बाईच्या हातात होता. थाई लोक तिला 'पा' म्हणत. आईच्या किंवा वडिलांच्या मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मी म्हटलं, आमच्यात मावशी म्हणतात. तिला तो शब्द आवडला आणि पुढे ती स्वतःच मला फोन करून "मावशी स्पीकिंग" म्हणायला लागली.

तरुणपणी ती थायलंडमधल्या एका अमेरिकन हवाई तळाजवळच्या खानावळीत काम करायची. तिथल्या एका सैनिकाशी लग्न करून ती इकडे आली. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी इथेच जन्मलेली, आता पन्नाशीला टेकलेली. डेंटिस्टकडे दात साफ करायचं काम करते. मावशीचं इंग्रजी मोडकंतोडकं आणि माझं थाई त्याहून मोडकं. पण त्रिशरण-पंचशील सुरू झालं की आम्ही दोघी एका सुरात. तिचे पालीचे उच्चार निराळे, माझे निराळे, तरी शब्द न् शब्द कळायचा. नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात सोनेरी बुद्धमूर्ती होती, थायलंडहून आलेली. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही मूर्ती जिथून आली त्या देशात सगळे एकसारखे असणार. तिथे कोणी कोणाला विचारत नसणार.

विचारणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यांना फोड करून सांगावं लागत नाही. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या बेसमेंटमधल्या पॉटलकमध्ये कोणीतरी काकू हातात प्लेट देता देता विचारतेच, "मूळचे कुठले तुम्ही?" मी नागपूर म्हणते. "हो, पण म्हणजे नक्की कुठले?" मग आडनावावर गाडी येते, मग चेहऱ्यावरचं हसू जरासं आकसतं आणि पुढच्या वेळी फोन येत नाही. माझा स्वभाव तापट. एकदा मी "नक्की म्हणजे काय, घर नंबर सांगू का?" असं विचारून मोकळी झाले. त्यानंतर नवऱ्यानं मला महिनाभर ऐकवलं. थाई विहारात मात्र इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. तिथे कोणीच कोणाला विचारत नव्हतं. बुद्धाच्या माणसांत असंच असतं, असं मी अगदी अभिमानानं सगळ्यांना सांगायचे.

आणि मग हिवाळा संपता संपता मावशीला स्ट्रोक आला. विहाराच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुताना ती कोसळली.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पण डोळे जागे होते, आल्यागेल्याकडे वळत होते. डॉक्टर म्हणाले, गिळण्यात काही अडचण असेल असं दिसत नाही. अडचण एकच होती. ती तोंड उघडत नव्हती. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायची, वर डावा हात तोंडावर दाबून धरायची. पेज नको, पाणी नको, आईस्क्रीम नको. नाकातून घातलेली नळी तिनं उपटून टाकली, नुसत्या सलाईनवर होती. मुलगी रडकुंडीला आली होती. ती मला म्हणाली, "मी दिवसभर अनोळखी माणसांना तोंड उघडायला सांगते आणि ते उघडतात. माझी आई माझ्यासाठी उघडत नाही."

एकटी असली, डोळा लागत आला की मावशी पुटपुटायची. आपण आत गेलो, "मावशी" म्हणून हाक मारली की तोंडाला कुलूप. विहारातली माणसं पाळीपाळीनं येत होती. प्रत्येक जण तिच्या चेहऱ्याशी वाकून प्रेमानं एकच गोष्ट सांगायचा, "पा, थाई बोल. थाई बोल ना." मुलगीही तेच सांगायची. मीही शिकून घेतलं आणि माझ्या नागपुरी थाईत तेच सांगायला लागले. दुसरं काय करणार? ती बोलली असती तर निदान कळलं असतं की तिला काय हवंय.

डॉक्टरांनी मुलीला बसवून सांगितलं होतं की आता फार थांबता येणार नाही. पोटातून नळी घालायची, की तिला काही न करता शांतपणे जाऊ द्यायचं, हे सोमवारपर्यंत ठरवा. तोंड मिटणं हाच कदाचित तिचा निर्णय असेल. कदाचित ती नको म्हणत असेल.

आणि आम्हा बौद्धांना ते लगेच पटलं! याचंच मला आज सगळ्यात आश्चर्य वाटतं. अमेरिकन डॉक्टर बिचारे 'कदाचित' म्हणत होते, आम्ही मात्र खात्रीनं बोलायला लागलो. विहारातल्या बायका व्हरांड्यात हात जोडून म्हणायच्या, पा सगळं सोडतेय, किती पुण्य असेल गाठीशी. एक तरुण भिक्खू पलंगाशी बसून सुत्तपठण करून गेला आणि म्हणाला, मन किती स्थिर आहे बघा. मीसुद्धा घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "अरे, आपण नुसतं वाचतो. ही बाई तृष्णा सोडून दाखवतेय." मिटलेलं तोंड आणि उघडे डोळे बघून आमच्यापैकी एकालाही भीती आठवली नाही. सगळ्यांना निब्बाणच आठवलं.

मुलीला तेवढं पटत नव्हतं. तिनंच हट्ट धरून हॉस्पिटलकडे थाई दुभाषी मागितला. आईच्या तोंडून निदान एकदा 'नको' ऐकायचं होतं तिला. आणि दुभाषी बाई म्हणाल्या, ही थाई नाही.

नर्सचं म्हणणं पडलं की स्ट्रोकनंतर कधीकधी माणूस अर्थ नसलेलं बडबडतं. मुलीनं मान खाली घातली. मी मात्र तिथेच अडकले. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आयुष्य गेलं माझं चुका शोधण्यात. निरर्थक बडबड दर वेळी वेगळी येते. मावशी झोपेच्या कडेवर जे पुटपुटत होती ते दर वेळी तेच होतं, त्याच क्रमानं, त्याच जागी थांबून. ती बडबड नव्हती, वाक्य होतं. मी मुलीला विचारलं, "मी हे फोनवर रेकॉर्ड करू?" ती म्हणाली, कर.

घरी नवरा म्हणाला, "अगं, काहीतरीच काय यार. थायलंडची बाई थाईच बोलणार ना? तू उगाच डिटेक्टिव्ह होऊ नकोस." मी म्हटलं, "तू नागपूरचा, पण तुझी आजी घरात मराठी बोलायची का? छत्तीसगढी बोलायची ना?" बोलून गेले खरी, पण त्याचा थायलंडशी काय संबंध, हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. थायलंडमध्ये थाई राहतात, एवढंच माझं ज्ञान.

रविवारी विहारात गेले. स्वयंपाकघरात नेहमीची गडबड होती. भिक्खूंचं जेवण दुपारच्या आत व्हायला हवं म्हणून सगळ्यांचे हात चालू होते. मी फोन ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "हे पा बोलतेय. कोणाला काही कळतं का बघा."

मावशीचा आवाज त्या स्वयंपाकघरात घुमला तशी एकेकीचे हात थांबले. कोथिंबीर निवडणारी थांबली, भात उपसणारी थांबली. मला वाटलं होतं, कोणी म्हणेल, अय्या, हे तर अमुक. पण सगळ्या एकमेकींकडे न बघता आपापल्या हातांकडे बघत होत्या. शेवटी एक जण हळूच म्हणाली, "लाओसची लाओ भाषा नाही ही. मला लाओ येते." तिची मैत्रीण चमकून म्हणाली, "तुला लाओ येते?" ती लालबुंद झाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ख्मेर आहे."

मोठे भंतेजी दारात उभे होते. दुसऱ्या राज्यातल्या विहारात गेले होते, त्याच सकाळी परतले होते. चीवर सावरत ते आत आले आणि मला पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "ख्मेर. म्हणजे कंबोडियाची भाषा. पण ही कंबोडियातली नाही, आमच्याकडची. सुरिन नावाच्या भागात गावंच्या गावं ही बोलतात. माझं गाव तिथून लांब नव्हतं. मला दोनचार शब्दच कळतात. 'नाही' कळतं. बाकी नाही कळत."

"पण मग ती थाई नाही?" मी विचारलं.

"थाई आहे ना. पासपोर्ट थाई, राजा थाई, शाळा थाई." भंतेजी जरासे हसले. "आईच्या मांडीवर ख्मेर."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"संशय होता. विहाराच्या मांजराशी ती त्या भाषेत बोलायची. कोणी आलं की थांबायची."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिकडे बाई उपाशी पडलीय, आम्ही तिला अर्हंतपदाला पोचवून बसलोय, आणि यांना माहीत होतं! मी तसं बोललेही, भिक्खूशी बोलू नये अशा आवाजात. भंतेजी शांतपणे म्हणाले, "तिनं झाकलेलं होतं. ते उघडणारा मी कोण? आणि ती आजारी पडल्यावर मी इथे नव्हतो." माझा राग काही उतरला नाही.

मग जे झालं त्यानं मी खरोखर हादरले. लाओ येणारी बाई ओट्याला टेकून म्हणाली, "आम्ही घरी सगळे लाओच बोलायचो. आमच्या पूर्वजांना कधीच्या काळी नदीपलीकडून युद्धात धरून आणलं होतं. बँकॉकला नोकरीला गेले तर मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. मी भाषा घासून घासून साफ केली." तिच्या शेजारची, जी कायम आपण बँकॉकच्या आहोत असं ठसक्यात सांगायची, ती म्हणाली, "माझे आजोबा चीनमधून जहाजानं आले. आमचं आडनाव एवढं लांबलचक का आहे माहितीये? नवीन घेतलंय म्हणून. जुन्या थाई माणसांची आडनावं छोटी असतात. आमचं नाव सांगितलं की कळणाऱ्याला बरोबर कळतं." एकीची आजी मोन होती, पिढ्यान्‌पिढ्या आधी ब्रह्मदेशातून आलेल्या लोकांतली. एक उत्तरेकडची. तिथे पूर्वी वेगळा राजा होता, वेगळी लिपी होती, आणि आता ती लिपी तिला वाचता येत नाही.

मी भोपळ्याच्या फोडी हातात धरून उभी होते. ज्यांच्यासोबत इतकी वर्षं पातेली घासली, त्यांच्यातल्या कोणाबद्दल मला काडीचं माहीत नव्हतं. आणि त्यांना एकमेकींबद्दलही नव्हतं! मी विचारलं, "मग थाई कोण आहे?" भंतेजी म्हणाले, "थाई बोलणारे लोक कधीकाळी चीनच्या बाजूनं डोंगर उतरून आले. आले तेव्हा तिथे मोन होते, ख्मेर होते. मावशीच्या पूर्वजांची दगडी देवळं तिथे आधीपासून उभी होती. दक्षिणेला मलाय मुसलमान, डोंगरात करेन, हमोंग. हमोंग तर तुमच्या शेजारी सेंट पॉलमध्येसुद्धा आहेत. देशाला सयाम म्हणायचे. माझ्या आजोबांच्या काळात ते नाव बदलून थाईंचा देश असं केलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, आता तुम्ही थाई."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वस्तीतली ती सोनेरी मूर्ती आली. इथे कोणी कोणाला विचारत नाही म्हणून मी खूश होते. विचारत नव्हते कारण प्रत्येकीकडे लपवायला काहीतरी होतं. बुद्धाच्या देशातसुद्धा? मग जायचं तरी कुठे माणसानं?

मुलीला फोन मीच केला. ती म्हणाली, "खोटं आहे. माझ्या आईनं मला थाई शिकवताना एकेक स्वर घोटून घेतलाय. गावंढळ बोलू नकोस, बँकॉकसारखं बोल, म्हणून मागे लागायची. ती दुसरी कोणी असूच शकत नाही." मी म्हटलं, "अगं, ती तीच आहे. उद्या सकाळी ख्मेर दुभाषी मागव. नळीचं त्यानंतर ठरव."

सोमवारी सकाळी दुभाषी बाई स्वतः आल्या, स्क्रीनवर नाही. माझ्याच वयाच्या, लहानपणी कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या. भंतेजीही आले होते. मावशीनं आम्हाला पाहिलं आणि ओठ मिटले. डावा हात वर. मुलगी सवयीनं वाकून थाईत म्हणाली, "मॅ, थाई बोल ना." मॅ म्हणजे आई. हात आणखी घट्ट झाला.

दुभाषी बाई पलंगाजवळ खाली बसल्या, मावशीच्या डोळ्यांच्या पातळीला. हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं, फक्त एवढंच विचारलं होतं की आजी, भात खाल्लास का.

मावशीचे डोळे विस्फारले. तिनं दाराकडे पाहिलं, भंतेजींकडे पाहिलं, पुन्हा त्या बाईंकडे पाहिलं. हात तोंडावरून किंचित सरकला आणि बोटांच्या फटीतून तेच वाक्य आलं, मी रेकॉर्ड केलेलं. तेच, त्याच क्रमानं.

दुभाषी बाईंनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "हिची बोली जरा वेगळी आहे, पण कळतेय," त्या म्हणाल्या. "त्या म्हणताहेत, 'मी बोलले नाही, गुरुजी. ती दुसरी मुलगी बोलली. माझं तोंड बंद आहे.'"

मला काही कळेना. कोण गुरुजी? मी भंतेजींकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"शाळेत घरची भाषा बोललं की मार असायचा," ते म्हणाले. "थाईच बोलायचं. आमच्या शाळेत गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे आणि मधल्या सुट्टीत झेंड्याच्या खांबाजवळ उभं करायचे. मी लाओ बोललो म्हणून उभा राहिलोय." आणि ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. म्हाताऱ्या माणसानं लहानपणीची गंमत सांगावी तसं.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती शाळेत होती. इतके दिवस ती मिनेसोटातल्या हॉस्पिटलमध्ये नव्हतीच. स्ट्रोकनं तिच्या तोंडची थाई पुसून टाकली होती, इंग्रजीही, आणि उरली होती तेवढी एकच भाषा, मार खाण्याची. आणि आम्ही! एकामागून एक माणूस तिच्या तोंडाशी वाकून सांगत होतो, थाई बोल, थाई बोल. मीसुद्धा. प्रेमानं. पेज घेऊन. तोंड उघडलं तर ख्मेर बाहेर पडेल म्हणून तिनं ते चमच्यासाठीही उघडलं नव्हतं. आणि व्हरांड्यात आम्ही हात जोडून पुण्याच्या गोष्टी करत होतो.

मुलगी खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर पडलेले. "मीच होते," ती म्हणाली. "ती ज्यांना घाबरत होती त्यांच्यात मीच पहिली होते." दुभाषी बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुला तुझ्या आईच्या भाषेतलं काही येतं?" तिनं मान हलवली. एक शब्दही नाही.

"एक शिक," बाई म्हणाल्या. "होप बाय. भात खा."

मुलीनं मनात घोकलं. मी थर्मास उघडला, वाटीत पेज ओतली. नर्सनं पलंगाची पाठ उंच केली आणि म्हणाली, अगदी थोडी, सावकाश. मुलगी आईजवळ सरकली, चमचा धरला. पन्नाशीची बाई, जन्मभर आईकडून उच्चार सुधारून घेतलेली, आईशी पहिल्यांदा आईच्या भाषेत बोलली, "होप बाय, मॅ. होप बाय."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. तिनं आपल्या तोंडावरचा हात काढला. मला वाटलं, खाणार. पण तिनं तो हात पुढे केला आणि मुलीच्या तोंडावर दाबून धरला. घाईघाईनं, दाराकडे बघत, काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणाली?" मुलीनं त्या हाताखालून विचारलं.

दुभाषी बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणतात, 'हळू बोल, बाळ. ऐकतील. तुलाही मारतील.'"

मुलीच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या बोटांवरून ओघळलं, तरी मावशीनं हात काढला नाही. ती दाराकडेच बघत होती. भंतेजी बाहेर गेले. मी उठले आणि दार लावून घेतलं, कडी नव्हती म्हणून पाठ टेकून उभी राहिले. तेव्हा कुठे मावशीनं चमच्यासाठी तोंड उघडलं.